रिठ्याच्या पाण्यातले बेडूक

प्राणिशास्त्रवाल्यांशी माझं कधी पटलं नाही. त्यांच्याकडचा फॉर्मॅलिनचा वास भिंत ओलांडून आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत यायचा, आणि वर तेच आमच्या वायूंबद्दल प्राचार्यांकडे तक्रार घेऊन जायचे. परभणीच्या त्या कॉलेजात मी उभी नोकरी केली, त्यातली निम्मी या भांडणात गेली. त्यामुळे ब्याऐंशी साली सत्यशीला वाव्हळे नावाच्या नव्या बाई तिकडे रुजू झाल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, आल्या आणखी एक झुरळं कापणाऱ्या.

पहिल्याच आठवड्यात बाई माझ्या दारात उभ्या. हातात रिकामी बाटली.

"सर, थोडं ॲसिटोन उसनं मिळेल का?"

आमच्याकडे लोक साखर उसनी मागतात, चहापत्ती मागतात, फार तर स्टोव्हची पिन मागतात. ॲसिटोन मागणारं माणूस मी तेव्हाच पाहिलं. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "अंड्याचा बलक धुवायचाय."

मी बाटली भरून दिली आणि दिवसभर डोकं खाजवत बसलो. बलक खातात, फेटतात, फार तर केसांना लावतात. धुतं कोण? संध्याकाळी शेवटी राहवलं नाही आणि मीच भिंतीपलीकडे गेलो. तिथून पुढे मी त्या खात्यात इतका गेलो की आमचे शिपाई मला प्राणिशास्त्रवाले सर म्हणू लागले. त्याचा मला अजून राग आहे.

बाई पेडगावच्या. वडील लहानपणीच गेलेले. आई, कस्तुराबाई, लोकांच्या शेतात मजुरीनं निंदायला-खुरपायला जाऊन लेकीला शिकवत आलेली. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली, तेव्हा सत्यशीलाबाई कॉलेजात शिकत होत्या. सुट्टीत मामाच्या गावी गेल्या असताना तिथली बौद्ध वस्ती पेटवली गेली. माणसं वाचली, बाईंची पुस्तकं जळाली. पुढचं वर्ष त्या मैत्रिणींच्या पुस्तकांवर शिकल्या. हे सगळं मला त्यांनी एकदाच, कपबशी विसळता विसळता सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. 

त्यांना पीएच.डी. करायची होती. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं दुसरं कुणी नव्हतं आणि या बाईला थेट डॉक्टर व्हायचं होतं, तेही परभणीत बसून, एका व्होल्टमीटरच्या जोरावर. मी विचारलं, विषय काय? तर त्यांनी मलाच उलट विचारलं.

"सर, तुमच्या गावाकडं मातीची भिंत कशी घालतात?"

"चिखलात भुसा कालवून."

"भुसा कशाला?"

"नाहीतर भिंत तडकते. एवढंही माहीत नाही का तुम्हाला?"

"मला माहीत आहे. तुम्ही विसरला नाहीत ना, ते बघत होते," बाई हसून म्हणाल्या. "आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीची एक पातळ भिंत असते. त्या भिंतीत कालवलेला भुसा म्हणजे कोलेस्टेरॉल. तो भिंतीला फार कडकही होऊ देत नाही आणि फार ढिलीही पडू देत नाही. आता या भिंतीत बारीक बारीक दारं असतात, मिठाचे कण आत-बाहेर करायला. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. दार कसं उघडतं, कसं मिटतं, यावर जगभर काम चाललंय. मला विचारायचंय की भिंतीतला भुसाच काढून घेतला तर दाराचं काय होतं?"

काळ्या मातीच्या मुलखात राहणाऱ्याला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात जमीन फुगते, भिंत सरकते आणि चांगलं सागवानी दार चौकटीत अडकून बसतं. दार तेच असतं. मी म्हटलं, "अडकेल."

"की सताड उघडं राहील?" बाई म्हणाल्या. "तेच मोजायचंय."

मोजायचं होतं बेडकाच्या कातडीवर. बेडूक राहतो डबक्यात, आणि डबक्याच्या पाण्यात मीठ जवळपास नसतंच. तरी तो असेल तेवढं मीठ कातडीतून वेचून आत घेतो. ते आत जात असताना कातडीच्या दोन बाजूंमध्ये विजेचा बारीकसा दाब तयार होतो. बाई काचेच्या दोन कप्प्यांमध्ये बेडकाच्या पोटाच्या कातडीचा तुकडा ताणून बसवायच्या, दोन्हीकडे खारं पाणी भरायच्या आणि व्होल्टमीटर जोडायच्या. दारं नीट चालत असली की काटा वर. बिघडली की काटा खाली. आणि भुसा काढून घ्यायला तो बलक. बलकातली लेसिथिन नावाची चरबी वेगळी करायची, तिच्यातलं कोलेस्टेरॉल ॲसिटोननं धुऊन टाकायचं. मग ती हपापलेली चरबी कातडीवर सोडली की ती पेशींमधलं कोलेस्टेरॉल ओढून घेते. मला ही युक्ती फार आवडली, पण प्राणिशास्त्रवाल्यांसमोर तसं म्हणायचं नसतं, म्हणून मी नुसता "बरं" म्हणून परत आलो.

कस्तुराबाईंना मात्र हे अजिबात आवडलं नव्हतं. त्या कधी कॉलेजात आल्या की टेबलाकडे पाठ करून बसायच्या. "बुद्धविहारात पंचशील म्हणायचं, जीवहत्या करनार न्हाई म्हणायचं, अन् हितं येऊन बेडूक मारायचे. ह्ये कसलं शिक्षान?"  बाई एवढंच म्हणायच्या, "माय, लागंल त्याच्याहून एकबी जास्तीचा मारनार न्हाई." आणि ते त्यांनी पाळलं. एका बेडकाच्या कातडीचे त्या इतके तुकडे करून वापरायच्या की मी म्हणायचो, बाई, आता उरलेल्याची चाळणी शिवा.

बेडूक आणून द्यायचा तो पिंगळीचा मुंजाजी. नदीनाल्यात, विहिरीत मासे धरणं हा त्याचा धंदा, बेडूक हे बाईंपुरतं. मडक्यात भरायचा, वर ओलं फडकं बांधायचा आणि पॅसेंजरनं परभणीला यायचा. एकदा फडकं सुटलं आणि डबाभर बेडूक झाले. तिकीट तपासनीस दारातूनच मागे फिरला, त्यामुळे त्या दिवशी डब्यातले निम्मे लोक मुंजाजीला दुवा देत उतरले. मुंजाजीचा बाईंवर जीव होता. त्या त्याला मामा म्हणत, खुर्ची देत आणि कपभर चहा स्वतः करून देत. आमच्या कॉलेजात तोवर बेडूकवाल्याला खुर्ची कुणी दिलेली नव्हती.

पंच्याऐंशीत बाईंना संशोधनासाठी पगारी रजा मिळाली. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात ती संपणार होती. तोवर मोजमाप हातात आलं तर प्रबंध लिहिता येणार, नाहीतर पुन्हा दिवसभर तास घ्यायचे आणि पीएच.डी. उरल्यासुरल्या वेळात. उरल्यासुरल्या वेळात काय होतं ते मी जाणून आहे. माझी स्वतःची अजून होतेय.

व्होल्टमीटर एकच, काचेचे कप्पे एकच, आणि बलकातून मनासारखं लेसिथिन निघेपर्यंत बराच काळ गेला. म्हणून बाईंनी हिवाळ्यात साध्या कातडीचं सगळं मोजमाप उरकून घेतलं आणि लेसिथिन लावलेल्या कातडीचं उन्हाळ्यावर ठेवलं. उन्हाळा आला तो असा की बेडूकच दिसेना. लागोपाठची वाईट वर्षं होती. विहिरी तळाला गेल्या, नाले भेगाळले. जूनमध्येही आभाळ कोरडं. मुंजाजी रिकामं मडकं घेऊन यायचा आणि दारातच बसायचा. आणि मग एके दिवशी तो मडकं काठोकाठ भरून घेऊन आला. कुठून आणले विचारलं तर म्हणाला, "आनले बाई. तुमी कशाला चौकशी करायलात? काम करा."

बेडूक जरा सुस्त होते. उन्हानं असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. बाईंनी लेसिथिन लावून मोजायला घेतलं आणि काटा हिवाळ्याच्या मानानं निम्म्यावर उतरला. दुसऱ्या बेडकाचाही तसाच. तिसऱ्याचाही. भुसा काढला की दार अडकतं! बाईंनी औरंगाबादला, विद्यापीठातल्या त्यांच्या गाइडना कळवलं, त्यांनी "लिहायला बसा" म्हणून सांगितलं, आणि मी माझ्या खिशातून कॉलेजात पेढे वाटले. प्राणिशास्त्राच्या यशाचे पेढे रसायनशास्त्रानं वाटल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

दोन दिवसांनी पाहतो तर बाई पुन्हा कप्पे धूत बसलेल्या.

"आता काय राहिलं?"

"यातले थोडे बेडूक लेसिथिन न लावता मोजते. हिवाळ्यातले वेगळे, हे वेगळे. तुलना बरोबर नाही झाली."

"बाई, मोजू नका," मी म्हणालो. "रजा संपत आलीय. गाइड खूश आहेत. काटा खाली आलाय. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

त्यांनी मोजलंच. काहीही न लावलेल्या कातडीचा काटाही निम्म्यावरच होता. लेसिथिननं काही केलेलंच नव्हतं. हे बेडूक मुळातच असे होते.

बाई स्टुलावर बसून राहिल्या. मी मात्र जाम भडकलो. म्हटलं, कुणी विचारणार आहे का तुम्हाला? हा एक आकडा बाजूला ठेवा आणि लिहा. त्या म्हणाल्या, "सर, मला माहीत झालंय ना." मी तावातावानं निघून आलो. त्यांच्या जागी मी असतो तर छापून मोकळा झालो असतो, आणि हे मी काही पश्चात्तापानं सांगत नाही. माझा तसा स्वभाव आहे आणि त्यांचा तसा होता. त्यांनी उन्हाळ्यातले सगळे आकडे बाद केले आणि गाइडना खरं ते कळवून टाकलं. त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं तेही त्यांनी सांगितलं, "इतके बेडूक फुकट मारले, सर. मायला काय सांगू?"

हे असे का निघाले, हे शोधायला त्या पिंगळीला निघाल्या. मी अजून रागात होतो, तरी बरोबर गेलो. मुंजाजीचं घर स्टेशनपासून जवळच. अंगणात त्याची बायको, दगडाबाई, कडुलिंबाखाली बसली होती. आम्हाला बघून मुंजाजीचा चेहरा उतरला, पण दगडाबाईनं हौसेनं घोंगडी टाकली आणि आपण होऊनच विषय काढला.

"बाई, तुमचे बेडूक म्या सवता धुऊन देत व्हते बरं का. लय माखलेले व्हते."

"कशानं माखलेले, मावशी?"

दगडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मुंजाजीनं मान खाली घातली. "धोंडीचे व्हते बाई," तो म्हणाला.

पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्याकडे गावोगाव धोंडी काढतात. पोरं अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून घेतात, मुसळाला बेडूक बांधून खांद्यावर घेतात आणि दारोदार गाणं म्हणत पाणी मागत फिरतात. बाया दारात येऊन पोरांवर आणि बेडकावर पाणी ओततात, बेडकाला तेल लावतात, हळद-कुंकू वाहतात. एरवी मिरवून झालं की बेडूक पाण्यात सोडून देतात. त्या साली सोडायला पाणीच नव्हतं. बेडूक उन्हात मरायला लागले, तेव्हा मुंजाजी गावोगाव हिंडून, मागून घेऊन ते गोळा करत होता. बाईंचं काम अडलंय हे त्याला बघवत नव्हतं.

"पर पुजलेल्या बेडकाला सुरी लावायची व्हय?" दगडाबाई म्हणाली. "तुमाला पाप लागंल की. म्हून म्या म्हनलं, हळद-कुकू उतरवून घ्यावं. उतरलं की मंग निस्ता बेडूक. साध्या पान्यानं त्येल निघंना. मंग रिठ्याच्या पान्यात ठिवले. पानी तरी कुठं हाय एवढं? एकाच घंगाळात समदे भिजू घातले, रातभर."

सत्यशीलाबाई आधी हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. दगडाबाई घाबरून उठली. "माझं काय चुकलं का, बाई?"

"न्हाई मावशी," बाई तिचा हात धरून म्हणाल्या. शिकवताना छापील बोलणाऱ्या बाई एकदम घरचं बोलायला लागल्या. "तुमी माझं पाप वाचवायला बगितलं. माझ्यासाठी एवढं कोन करतंय?" आणि निघताना त्यांनी तिच्याकडून ओंजळभर रिठे मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते रिठे माझ्या टेबलावर उकळत होते. पांढराशुभ्र फेस आला. आता हे खातं माझं होतं. फेस येतो तो सॅपोनिन नावाच्या पदार्थामुळे, आणि बरीचशी सॅपोनिनं कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतात, हे रसायनशास्त्राच्या जाड पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं. मी ती ओळ सांगितली. बाईंच्या हातातली काचेची कांडी ढवळता ढवळता थांबली.

"म्हणजे मी अंडी धुऊन जे करू बघत होते, ते घंगाळात आधीच होऊन गेलं होतं?"

"असेल. नुसतं उन्हानंही असेल."

"मग ते ओळखायचं कसं?" त्यांनी विचारलं, आणि लगेच त्याच म्हणाल्या, "रिठ्याला आधी पोटभर कोलेस्टेरॉल खाऊ घालायचं."

खरोखर तसंच केलं. कोलेस्टेरॉलची माझ्याकडची एकुलती एक जुनी बाटली उघडली. रिठ्याच्या पाण्यात कोलेस्टेरॉल घोटून घोटून मिसळलं, खाली बसलेला गाळ गाळून टाकला आणि ते पाणी मुंजाजीनं न धुता आणून दिलेल्या एका धडधाकट बेडकाच्या कातडीवर सोडलं. काटा जागचा हलला नाही. नुसत्या रिठ्याचं पाणी सोडलं, काटा धाडकन खाली. रिठा कोलेस्टेरॉलच शोधत होता. रजा त्याच आठवड्यात संपली आणि बाईंच्या हातात पदवी सोडून सगळं होतं. तरी त्या घरी जाताना गुणगुणत गेल्या. मला वाटतं, आपले बेडूक अगदीच फुकट गेले नाहीत याचा तो आनंद असावा.

गाइडना मात्र आनंद झाला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रिठा हा साबण, साबणानं पेशीच्या भिंतीला भोकं पडतात. भोक पडलं की काटा उतरणारच. त्यात दाराचा काय संबंध? दार बिघडलं हे दाखवा, मग बोलू. प्रश्न बिनतोड होता आणि बाईंच्या पदवीचं सगळं त्यावर येऊन अडकलं. भोक की दार?

ती चार-पाच वर्षं बाईंनी कशी काढली ते मी रोज पाहिलं. सकाळपासून तास, मग प्रात्यक्षिकं, मग वह्या तपासणं. दुपार कलली की त्यांचा व्होल्टमीटर सुरू. त्या काळात प्राचार्य बदलले, गाइड निवृत्तीला आले. खात्यातल्या एकानं "वाव्हळेबाईंचा रिठा अजून भिजतोय का" असं विचारायची रोजची सवय लावून घेतली. त्याला मी एकदा असं काही सुनावलं की त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही.

शिकवणं मात्र त्यांनी रडतखडत केलं नाही. एकदा त्यांनी वर्गासमोर दोन वाट्यांत दूध विरजायला ठेवलं, एकीत रिठ्याच्या पाण्याचे थेंब टाकून. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्यांत दही लागलेलं होतं. "दही लावणारे जिवाणू जिवंत आहेत, त्यांनाही भिंत आहे, भिंतीत दारं आहेत," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल नाही. मग रिठा त्यांचं काय बिघडवणार? पृथ्वीवर फार पूर्वी सगळं जगणं असंच होतं, भुशाशिवायच्या भिंतींचं. कोलेस्टेरॉल बनवायला प्राणवायू लागतो, आणि तेव्हा हवेत तो नव्हताच. तो आला, मग प्राण्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल आलं आणि झाडांच्या भिंतीत त्याचे चुलतभाऊ आले. भिंत बदलली तशी त्यात बसलेली दारंही पिढ्यानपिढ्या थोडी थोडी बदलत गेली. आता आपली कित्येक दारं या भुशाशिवाय नीट चालतच नाहीत, असं मला वाटतं. मला वाटतं, एवढंच. सिद्ध झालंय असं लिहू नका परीक्षेत."

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. नंतर सवयीनं त्यातली एक वाटी उचलून दह्याचा चमचा तोंडात घातला, तो नेमका रिठ्याच्या वाटीतला. वर्गाला त्या दिवशी उत्क्रांतीपेक्षा माझं तोंडच जास्त लक्षात राहिलं.

उत्तर मिळालं ते एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात. बाईंनी रिठा इतका पातळ केला की फेससुद्धा येईना. आणि कातडीच्या एका बाजूच्या पाण्यात त्यांनी लाल रंग मिसळला, अखंड भिंतीतून पलीकडे जाऊ शकत नाही असा. भिंतीला भोक पडलं तर दुसरीकडचं पाणी लाल होणार. दाट रिठ्यानं ते झालंच, दोन्ही कप्पे लाल. पातळ रिठ्याच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. काटा हळूहळू निम्म्यावर आला. पलीकडचं पाणी स्वच्छ. भोक नव्हतं.

"झालं!" मी म्हटलं.

"थांबा ना सर," बाई म्हणाल्या. त्यांना कायम थांबायचंच असायचं. त्यांनी बलकाचं लेसिथिन काढलं, पण या वेळी धुऊन कोरडं केलेलं नव्हे, तर कोलेस्टेरॉल भरपूर मिसळलेलं, आणि ते त्याच कातडीवर सोडलं. गेलेला भुसा भिंतीला परत द्यायचा होता. आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग काटा जरासा थरथरला आणि वर चढू लागला. पार पहिल्या जागी नाही गेला, पण बराचसा गेला. भिंत तीच, दार तेच, भुसा परत आला आणि दार पुन्हा चालू लागलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं.  मी उगाचच त्यांच्या फॉर्मॅलिनच्या वासाबद्दल कुरकुर करून बाहेर पडलो.

प्रबंध ब्याण्णवमध्ये गेला. परीक्षकांचे अहवाल यायला दीड-दोन वर्षं लागली, कारण विद्यापीठं अशीच चालतात. मौखिक परीक्षा ठरली ती चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये. तोवर जानेवारी येऊन गेला होता आणि ज्या नावासाठी इतकी वर्षं मोर्चे निघाले, ते नाव विद्यापीठाला लागलं होतं.

औरंगाबादला मी गेलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक बारीक चणीचे, पण प्रश्न अणकुचीदार. त्यांनी पहिलाच घाव तिथे घातला. "भोक की दार?" बाईंनी लाल रंगाचं सांगितलं, परत चढलेल्या काट्याचं सांगितलं, आणि काटा पूर्ण का चढला नाही हे आपल्याला कळलेलं नाही, हेही न विचारता सांगून टाकलं. परीक्षक मागे रेलले. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "रिठ्याचं सुचलं कसं तुम्हाला?"

बाईंनी भर सभेत धोंडीपासून घंगाळापर्यंत सगळं सांगितलं. लोक खदाखदा हसले. परीक्षकही हसले आणि मग म्हणाले, "आणि ते पहिले चांगले आकडे तुम्ही खुशाल टाकून दिलेत?"

"ते चांगले नव्हते, सर," बाई म्हणाल्या.



पदवी मिळाल्याचा विद्यापीठाचा कागद हातात यायला उन्हाळा उजाडला. तो घेऊन आम्ही पेडगावला गेलो. कस्तुराबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. लेकीनं कागद पुढे धरला. त्यांनी हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी तो घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. पण वरच्या ठळक ओळीवर त्यांचं बोट आपोआप गेलं. मोर्च्यांतल्या फलकांवर ते नाव त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की त्याची अक्षरं त्यांना तोंडवळ्यावरून ओळखू येत होती. त्या ओळीवरून त्यांनी बोट सावकाश फिरवलं आणि शेवटी टेकवलं.

"ह्ये बाबासायबाचं," त्या म्हणाल्या. "अन् तुजं कुठं हाय?"

सत्यशीलाबाईंनी आईचं बोट धरून खाली आणलं आणि स्वतःच्या नावावर ठेवलं.  कस्तुराबाई एकदा वरच्या नावाकडे बघायच्या, एकदा खालच्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याला दिसतंय ते खरं आहे ना, हे विचारावं तसं.

"सर," त्या म्हणाल्या, "दोनी एकाच कागदावर हायेत की."